सुकाजीचं बोट

जुलेखाभाभी, खडकटोल्यावरून आलेली मच्छी सोसायटीची मंडळी, मूल गावचे सगळे कारखानेवाले भाऊ, आयटीआयच्या माह्या पोरी, अन् आत जागा नाई म्हणून बाहेर पडवीत उभे राह्यलेले सगळे जण.

मी कुंदा. पोंभुर्ण्याची. कादरभाऊच्या वर्कशॉपात मी नऊ वर्षं नक्शे काढले. आता गडचिरोलीले आयटीआयत शिकवते.

कादरभाऊच्या या शोकसभेत गुरुजींनी मले पाच मिनिटं देली आहेत. गुरुजी, पाच मिनिटात माह्यं होणार नाई, आधीच सांगून ठेवते. माह्या आधी जे बोलले त्यायनं कादरभाऊचं कौतुक केलं. ते खरंच आहे. पण मी कौतुक करायले आली नाई. मले एक सांगायचं आहे, अन् ते सात वर्षं झाले माह्या गळ्यात अडकून आहे. इथी उभी राहून बोलणं सोपं नाई. समोर सुकाजीभाऊ बसले आहेत. ते येतील असं मले वाटलं नव्हतं. ते आले, म्हणून आज सांगणंच आहे.

सुकाजीभाऊ, तुम्ही उठून जाऊ नका. माह्यं पुरं ऐका, मंग जा.

ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी सांगते. कादरभाऊ तसे लेथवाले. बापाची लेथ, भातगिरणीचे शाफ्ट, इंजनाच्या पुली, हेच काम. पण त्यायले नाद लागला कम्प्युटरचा. नागपूरच्या एका कंपनीनं काढून टाकलेला कम्प्युटर त्यायनं बसमधून आणला, मांडीवर घेऊन. कंडक्टरनं त्याचं बी तिकीट मागतलं होतं. दोन महिने तो चालूच नाई झाला. पूर्ण बाजार हसे. कादरनं टीव्ही आणला पण त्यात पिक्चर लागत नाई, असं म्हणत.

मी तवा नवीन होती. ड्राफ्ट्समनचा ट्रेड करून आली होती. पूर्ण गावात लेथच्या दुकानात काम करणारी पोरगी म्हणजे मी एकटी. लोकं पुली घ्यायले येत अन् मलेच पाहून जात. कादरभाऊ म्हणत, "पाहू दे त्यायले. पुली तर घेऊन जातेत ना."

त्या कम्प्युटरवर आम्ही दोघं नक्शे काढायले शिकलो. पयले आम्ही काय करत होतो, तर दर वस्तूसाठी नवा नक्शा. तीन इंची पुलीचा एक, चार इंचीचा एक, साडेचारचा आणखी एक. पूर्ण दिवस त्यातच जाई. एक दिवस भाभी चहा घेऊन आल्या. भाभी शिवणकाम करत, तुम्हाले सगळ्यायले माहीत आहे. पडद्याकडं पाहून त्यायनं विचारलं, की तुम्ही दर फ्रॉकसाठी नवा कागद काऊन कापून राह्यले? माह्यापाशी एकच बेतणी आहे, दोन वर्षाच्या पोरीपासून बारा वर्षापर्यंत त्याच्यावरच होते, फक्त माप बदलायचं.

भाभी चहा ठेवून गेल्या. कादरभाऊनं चहाले हात नाई लावला.  मंग म्हणे, "कुंदा, मी गधा आहो. बत्तीस वर्षं माह्या घरात बेतणी आहे."

त्या सॉफ्टवेअरात ती सोय होतीच. आम्हाले कोणी सांगतलं नव्हतं. एक भाग असा बनवायचा की त्याची लांबी, रुंदी, जाडी पक्की लिहायचीच नाई, नावं द्यायची. मंग बाजूले एक तक्ता. तक्त्यात नवी ओळ लिहिली, आकडे भरले, की नवा भाग तयार. नक्शा आपोआप निघे. आम्ही त्या मूळ फाइलीले माय म्हणत होतो. तिच्यातून निघालेल्या फाइलीले लेकरं. अन् वर्कशॉपात एकच कायदा होता, भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता. मायले हात लावायचा नाई. काई बदलायचं असन तर लेकराची नक्कल घ्या, तिच्यात बदला. कारण मायमध्ये आकडा बदलला, की सगळी लेकरं बदलतात. ज्यायले काई झालं नाई ते बी. अन् कोणी आवाज नाई देत.

हे मी माह्या पोरींले दरसाल शिकवते. का शिकवते, ते आज सांगते.

तवा आपल्याकडच्या जुन्या तलावायच्या तुडुमाले लोखंडी झडपा बसवायचं काम निघालं. तुडुम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या बांधाच्या, पोटातली पाणी सोडायची मोरी. आधी लाकडाचे गुल्ले ठोकत, ते सडून जात. कादरभाऊनं ते काम घेतलं. पयला तलाव खडकटोल्याचा. आम्ही टेप घेऊन गेलो. सुकाजीभाऊ तिथी पाळीवर उभे होते. तिथलं पाणी आयुष्यभर त्यायनंच सोडलं. त्यायच्या आधी त्यायच्या बापानं.

कादरभाऊनं टेप काढला. सुकाजीभाऊ म्हणे, तो डबीत ठेव. हे दगड टेपानं नाई कापले. मंग खाली वाकून त्यायनं आपला हात दगडाले लावला. चार बोटं, चार वेळा. सोळा. केसाएवढी फट नाई राह्यली. कादरभाऊनं आपला हात लावून पाह्यला तर बसेच ना. लेथवाल्याची बोटं, जाडी.

मंग कादरभाऊनं खिशातून व्हर्निअर, बारीक माप घ्यायचा चिमटा, काढला अन् सुकाजीभाऊचं बोट त्यात धरलं. सुकाजीभाऊ म्हणे, "का बे कादर, अंगठी करतं का मले? या वयात कोण पाह्यते?" पाळीवर जेवढे होते तेवढे हसले. भरले एकोणीस मिलिमीटर.

तुम्हाले आठवते ना सुकाजीभाऊ? मले माहीत आहे, आठवते.

मंग आम्ही दुसरे तलाव पाह्यले. त्या भागातल्या जवळपास सगळ्या तुडुमायची मापं त्या बोटात बरोबर बसत. कुठी बारा, कुठी अठरा. सगळं पुरं, अर्धं-पाऊण काई नाई. कादरभाऊ पागल झाले आनंदानं. त्यायनं झडपेची माय बनवली, अन् तिच्यात सगळ्यायच्या आधी एक नाव टाकलं. बोट. बोट बरोबर एकोणीस. बाकी झडप, चौकट, खाचा, दांडा, सगळं त्या बोटावर. तक्त्यात गावाचं नाव, किती बोटं रुंद, किती बोटं उंच. बस. इंजिनिअर लोकं पाहायले आले तर ते विचारत, हे बोट कोणतं युनिट आहे? कादरभाऊ गंभीर चेहरा करून सांगत, सुकाजी युनिट आहे.

आता माह्यं सांगते.

उन्हाळ्यात भाभीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. कादरभाऊ त्यायले घेऊन नागपूरले गेले. वर्कशॉप माह्यावर. जाताना मले म्हणे, तुले सगळं येते, मले फोन नको करू. मले लय अभिमान वाटला होता.

पिपरटोल्याच्या तलावाचं माप मी एकटी घेऊन आली. तो तलाव मागाहून बांधलेला, तिथचा गवंडी दुसरा. त्याचं बोट बारीक. हिशेब केला तर अठरा येत होतं. आता मी का करायचं होतं? लेकराची नक्कल घ्यायची होती. भिंतीवर लिहिलेलं होतं, माह्या डोळ्यासमोर. पण घाई होती. पत्रा कापणारा दारात उभा होता. मी म्हणलं, आता बदलते, नक्शा काढते, लगेच परत एकोणीस करते. मी माय उघडली. बोट अठरा केलं. पिपरटोल्याचा नक्शा काढला. बरोबर निघाला.

अन् परत एकोणीस करायचं मी विसरली.

चार दिवसानं खडकटोल्याच्या कामाले मंजुरी आली, त्याचा नक्शा काढायचा होता. माप आधीचंच घेतलेलं, तक्त्यात ओळ तयार. मी फक्त बटन दाबलं. सोळा बोटं, पण अठराची सोळा. कागदावर मिलिमीटर लिहून आले होते, मी पाह्यले नाई. आपल्याच नक्शावर कोण शंका घेते? झडप बनली, चौकट बनली. बसवायले गेलो तर दगड अन् चौकटीत फट. मिस्त्री म्हणे, बाई, जागा राहून राह्यली. अर्ध्या इंचाहून जास्त होती. मी म्हणलं, दगड झिजला असन, सिमेंट भरून घ्या.

मी म्हणलं. हे शब्द माह्ये. कादरभाऊ तिथी नव्हते.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तलाव तुडुंब होता. सकाळी सिमेंट सुटलं अन् पूर्ण चौकट निघून आली. दुपारपर्यंत तलाव खाली. सोसायटीनं तीन आठवड्याआधीच माशायची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली होती. पूर्ण सालाचं बीज. ते सगळं पाण्यासंगं धानाच्या बांधीत गेलं. आम्ही पोचलो तवा धानात बगळेच बगळे होते, अन् बाया चिखलातून टोपलीत मासोळ्या वेचून राह्यल्या होत्या. बोटाएवढ्या.  त्या साली खडकटोल्याचे किती घरं मिरची तोडायले आंध्रात गेले, ते इथी बसलेल्यायले माहीत आहे. लेकरायले घेऊन गेले. शाळा सोडून गेले.

त्या दिवशी निघायच्या आधी कादरभाऊनं कम्प्युटर उघडला होता. मी मागंच उभी होती. त्यायनं माय उघडली. बोट बरोबर अठरा. त्यायनं मागं वळून माह्याकडं पाह्यलं. मले समजलं अन् त्यायले समजलं.  त्यायनं अठराचं एकोणीस केलं, फाइल बंद केली अन् म्हणे, चल.

पाळीवर बैठक बसली. गाव चिडलेलं होतं, अन् चिडायचंच होतं. पण सुकाजीभाऊ शांत होते. त्यायनं फक्त एक विचारलं. ते शब्द मले पाठ आहेत.

"कादर, माह्या बोटानं मोजलं होतं. मंग लहान कसं झालं?"

कादरभाऊ म्हणे, "माह्या हातून चुकलं."

सुकाजीभाऊ म्हणे, "म्हणजे तू माह्यं बोट बदललं. तुह्या मशीनले माह्यं बोट खोटं वाटलं."

 कादरभाऊ मान खाली घालून उभे राह्यले. मी त्यायच्या बाजूले होती, नक्शाची गुंडाळी हातात धरून. त्या नक्शाच्या कोपऱ्यात सही माह्यी होती. मले फक्त तोंड उघडायचं होतं. मी नाई उघडलं.

त्या दिवसापासून सुकाजीभाऊ त्यायच्याशी बोलले नाईत. ईदेले भाभीच्या शेवयांचा डबा खडकटोल्यावर जाई, तो बंद झाला. बाजारात कादरभाऊले तलावफोड्या नाव पडलं. चिडवणारे आज बी इथी आहेत, मी नाव घेत नाई. कादरभाऊ हसून ओ देत. पण दुसऱ्या उन्हाळ्यात ते एकटे खडकटोल्यावर गेले, लोकं नसतील अशी दुपार पाहून, अन् नवी चौकट आपल्या हातानं बसवून आले. ती आज बी थेंब गळत नाई.

मी विचारलं त्यायले. वाटेत, त्याच दिवशी. मी रडत होती. म्हणलं, भाऊ, तुम्ही काऊन आपल्यावर घेतलं? ते जीप चालवता चालवता म्हणे, "बेटा, तुह्यं नाव घेतलं तर लोकं म्हणतीन, पोरीच्या हाती नक्शा देल्ला म्हणून तलाव गेला. मंग या लाइनीत दुसरी पोरगी येणार नाई. माह्यं नाव खराब झालं तर एक कादर खराब होते."

माह्यानंतर वर्कशॉपात तीन पोरी आल्या. आज माह्या वर्गात अकरा आहेत. त्या तिथी मागं बसल्या आहेत. म्हणजे कादरभाऊचं म्हणणं खरं होतं. पण मले ते सोयीचं बी होतं, मंडळी. हे आज कबूल करते. त्यायच्या मोठेपणाच्या आड मी सात वर्षं आरामात बसली.

एकदा मी खडकटोल्यावर गेली होती, सुकाजीभाऊ. सांगायलेच गेली होती. तुम्ही जाळं विणून राह्यले होते. तुम्ही मले पाणी देलं, आयटीआयत पगार वेळेवर होते का विचारलं. माह्या बापाची तब्येत विचारली. मी सगळ्याची उत्तरं देली अन् परत आली. तुम्ही माह्याशी एवढे चांगले वागले की मले सांगताच नाई आलं. किंवा असं म्हणू की मले निमित्त भेटलं.

गेल्या महिन्यात कादरभाऊ अंथरुणावर होते. मी त्यायच्यापाशी बसून म्हणलं, भाऊ, मी सुकाजीभाऊले सांगून येते, त्यायले घेऊन येते. ते म्हणे, बरा झालो की दोघं जाऊ. मी म्हणलं ठीक आहे. मी ठीक आहे काऊन म्हणलं? त्याच दिवशी बस पकडली असती तर दोन तासात खडकटोला. हे दोन तास मी कुठून आणू आता?

परवा भाभीनं मले वर्कशॉपाची चाबी देली. म्हणे, त्यायच्या फाइली पाहून घे, मले त्यातलं समजत नाई. तो जुना कम्प्युटर तर केव्हाच गेला, पण माय त्यायनं दर नव्या कम्प्युटरवर आणली होती. मी उघडली. तक्त्यात आता चाळीसच्या वर गावं आहेत. पार सिरोंच्याकडचे बी दोन तलाव आहेत. सगळ्यायच्या वर पयली ओळ. बोट बरोबर एकोणीस. त्या ओळीच्या शेवटी शेरा लिहायची जागा असते. आम्ही कधी तिथी काई लिहीत नव्हतो, पाहत बी नव्हतो. तिथी कादरभाऊनं लिहून ठेवलं आहे, इंग्रजी अक्षरात पण आपल्या बोलीत. तारीख त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवसाची आहे.

"सुकाजीचं बोट. कुंदाले विचारल्याबिगर बदलू नये."

मंडळी, ज्या पोरीनं ते बोट बिघडवलं, तिलेच त्यायनं त्याची राखण देली. दुसऱ्याच दिवशी. अन् मले सांगतलं बी नाई. मी सात वर्षं समजत होती की त्यायनं मले माफ केलं. पण त्यायनं माह्यावर पयल्यासारखाच भरवसा ठेवला होता, अन् ते मले परवा समजलं.

सुकाजीभाऊ, आता तुम्हाले सांगते, अन् सगळ्यायच्या समोर सांगते. कादरनं तुमचं बोट बदललं नव्हतं. मी बदललं होतं. फट दिसली तवा सिमेंट भरायले मी सांगतलं होतं. त्यायच्या मशीनले तुमचं बोट कधीच खोटं वाटलं नाई. तुम्ही त्यायच्याशी बोलत नव्हते त्या सगळ्या वर्षात जेवढ्या झडपा त्या वर्कशॉपातून निघाल्या, त्या तुमच्या बोटानं मोजून निघाल्या. ते रोज सकाळी ती फाइल उघडत होते. रोज तुमचं नाव वाचत होते.

तुम्ही डोळे पुसा, मी थांबते.

खडकटोल्याच्या मंडळींले माह्यं एवढंच मागणं आहे. ते तलावफोड्या नाव कादरभाऊच्या नावावरून काढा. कोणाच्या तरी नावाले लावायचंच असन तर माह्या नावाले लावा. अन् तुमचं जे गेलं, लेकरायची शाळा गेली, ते मी भरून देऊ शकत नाई. माफी मागते. तुम्ही द्याच असं नाई.

भाभी, तुमच्यासमोर बी मी खोटी राह्यली. तुमच्या घरात जेवत होती अन् खोटी होती. तुम्ही परवा चाबी माह्या हातात ठेवली, तवाच मी ठरवलं.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. ज्यायले उभं राहवत नाई त्यायनं बसूनच हात जोडा. सुकाजीभाऊ, तुम्ही बसून राहा, तुमचे गुडघे मले माहीत आहेत. बाहेर कोणी मोटरसायकल सुरू करू नका.

कादरभाऊ, माय मी तपासून बंद केली. बोट एकोणीसच आहे. अन् सुकाजीभाऊ आले आहेत, पयल्या रांगेत बसले आहेत. सलाम घ्या.